सातव्या ट्रेमधलं बटण

"जगातल्या एकशे बत्तीस देशांत आज आपला देश शहाण्णववा आहे. त्याला पहिल्या पन्नासांत नेल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही," असं मंत्र्यांनी छाती फुगवून जाहीर केलं, आणि त्या छातीने आपलं काम चोख बजावलं. कोटाचं मधलं बटण तटकन तुटलं, टेबलावर एक उडी मारून जमिनीवर आलं आणि गडगडत फायलींच्या कपाटाखाली गेलं. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. त्यामुळे अर्थातच कोणीच पाहिलं नाही. मंत्र्यांनी उरलेलं भाषण पोटावर हात ठेवून संपवलं आणि ते स्वस्थ बसले.

हे घडलं जागतिक तुलना कक्षात. नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे सभागृह वगैरे येईल, म्हणून सांगतो: चौथ्या मजल्याच्या टोकाला एक खोली, दोन टेबलं, एक कपाट आणि भिंतीवर जगाचा नकाशा, ज्यातले तीन-चार देश आता अस्तित्वात नव्हते. एका टेबलामागे संचालक बसत. दुसऱ्या टेबलामागे बावीस वर्षं जी बसत होती, तिला सगळी इमारत तुलनाबाई म्हणायची. इतरांच्या मानाने आपण कुठे आहोत हे काढणं तिचं काम, आणि ते काम आता अंगात भिनलं होतं. शेजारणीने खिडक्यांना नवीन पडदे लावले की बाई मनात म्हणायची, जिन्यात आपण पाचव्या.

तर परदेशात एक संस्था होती. कुठला देश धंद्यात किती तगडा, याचा अहवाल ती दरवर्षी काढायची. निम्मे आकडे सरकारी खाती पुरवत. उरलेला निम्मा हिशेब मतांवर. प्रत्येक देशातल्या तीस कारखानदारांनी एक प्रश्नावली भरायची: रस्ते कसे आहेत, वीज टिकते का, कागदपत्रांचा त्रास किती, कामगारांचा हात कसा, एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो का. प्रत्येक प्रश्नाला एकपासून सातपर्यंत गुण. हे तीस कागद गोळा करून पाठवणं बाईकडे होतं. गेल्या वर्षी देश एकोणऐंशीवा आला होता. यंदा सतरा पायऱ्या गडगडला.

मंत्र्यांनी दहा दिवसांची मुदत दिली. देश का घसरला याचं कारण दहाव्या दिवशी टेबलावर हवं, नाहीतर कक्षाला कुलूप. संचालकांना काळजी नव्हती, संचालकांसाठी कुठेतरी दुसरी खुर्ची असतेच. बाईची बदली मात्र तळघरात, जुन्या कागदांच्या विभागात व्हायची होती. ती तिथे एकदाच गेली होती. एक दिवा होता आणि त्याच्याखाली बसलेल्या माणसाने तिला आज वार कोणता असं विचारलं होतं.

सगळे गेल्यावर बाईने फूटपट्टीने कपाटाखालून बटण ओढून काढलं आणि पर्समध्ये टाकलं. परत करायचंच होतं. पण जे पडलेलं कोणी पाहिलंच नाही ते परत कसं करायचं, हे कुठल्याच नियमात नव्हतं.

मग ती अहवाल घेऊन बसली. तिसऱ्या पानावरच ती थबकली. सरकारी कागदपत्रांच्या सुटसुटीतपणात आपला देश जगात तिसरा आला होता. संचालकांनी त्या ओळीखाली कौतुकाने लाल रेघ मारली होती. बाईने मात्र याच वर्षी झेरॉक्स मशीनच्या टोनरची एक डबी मागवण्यासाठी पाच अर्ज केले होते, आणि पाचवा अर्ज चौथा कुठे गेला याची चौकशी करणारा होता. पुढे पाहिलं तर कामगारांच्या कौशल्यात देश शेवटून दुसरा. एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवण्यात अगदी शेवटचा, त्याच्याखाली फक्त कागदाचा समास.

बाईने कपाटातून प्रश्नावल्यांच्या प्रती काढल्या. तीस होत्या. त्यातल्या सात कागदांत सात तऱ्हा होत्या. उरलेल्या तेवीस कागदांवर अक्षरं तेवीस जणांची, सह्या तेवीस जणांच्या, आणि आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. आणि ते तेवीस कागद तिने स्वतः आणले होते.

झालं होतं असं. दरवर्षी हे कागद व्यापारी मंडळ भरून द्यायचं. यंदा मंडळाच्या अध्यक्षांच्या गाडीची हवा कोणीतरी खात्याच्या आवारात सोडली आणि मंडळाने खात्याशी बोलणं टाकलं. शेवटची तारीख चार दिवसांवर आली तेव्हा हातात सातच कागद होते. मग माणूस जे करतो तेच बाईने केलं. ती मामाकडे गेली.

मामांचा बटणांचा कारखाना होता, आणि बटण, झिप, हूक, इलॅस्टिक असल्या कपड्यांना धरून ठेवणाऱ्या वस्तू बनवणाऱ्यांच्या संघाचे ते तीस वर्षं अध्यक्ष होते. बाई तेवीस कोरे कागद ठेवून आली आणि तिसऱ्या दिवशी तेवीस भरलेले घेऊन गेली. तेव्हा तिला वाटलं होतं, सरकारपेक्षा नातेवाईक बरे.

आता ती पुन्हा तिथे गेली ती मनात भांडण घोळवत.

पत्र्याच्या छपराखाली पॉलिशचे पिंप संथपणे फिरत होते आणि आतली बटणं पावलांखाली वाळू वाजावी तशी वाजत होती. हवेत रसायनाचा गोडसर वास होता. मोठ्या खिडकीपाशी निवडीचं लांब टेबल होतं. त्यावर ओळीने सात ट्रे होते आणि मामी बसली होती. मामीचे हात बटणांवरून असे फिरत की बघणाऱ्याला वाटावं, ही नुसती कुरवाळते आहे. पण तेवढ्यात कडेला टवका गेलेलं बटण पाचव्या ट्रेमध्ये आणि रंग उतरलेलं चौथ्यात गेलेलं असे.

"आली का तुलना," मामी वर न बघता म्हणाली. "सांग बघू, मागच्या वेळेपेक्षा मी जाड आहे की बारीक?"

बाईने उत्तर टाळलं आणि मामांपुढे तेवीस कागद पसरले. हे काय आहे, असं तिने विचारलं. मामांनी चष्मा लावून सगळे कागद शांतपणे पाहिले आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. सगळ्यांचे आकडे एकच कसे, असं विचारल्यावर त्यांनाच नवल वाटलं.

"वेगळे कसे असतील?" ते म्हणाले.

मग त्यांनी समजावलं, ते असं. मोठी मागणी आली की एका कारखान्याने भागत नाही. पाच-सहा जणांचा माल एकत्र होतो. तेव्हा कोणाचा माल कुठल्या प्रतीचा, यावर भांडणं नकोत म्हणून संघाचा एक रिवाज आहे. मामांनी प्रत लावायची आणि बाकीच्यांनी सही करायची. तीस वर्षांत एकाही माणसाने त्यावर ब्र काढलेला नाही. या कागदांचंही तसंच झालं. मामांनी एक कागद भरून टेबलाच्या मध्यावर ठेवला. बाकीच्या बावीस जणांनी त्यातले आकडे उतरवले, सही केली, चहा घेतला. अर्ध्या तासात देशाचा निकाल लागला.

"पण प्रश्न कोणी वाचले का?" बाईने विचारलं.

"त्यांना वाचायची काय गरज? मी होतो ना."

बाई खुर्चीत बसली. घाम पुसायला तिने पर्समधून रुमाल ओढला, आणि त्याच्याबरोबर मंत्र्यांचं बटण बाहेर येऊन टेबलावर पडलं. मामांच्या हाताला डोकं विचारावं लागत नसे. त्या हाताने बटण उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, अंगठ्याच्या नखाने कड चाचपली.

"सात," मामा म्हणाले आणि त्यांनी ते शेवटच्या ट्रेमध्ये टाकलं.

दोन दिवसांत बाईच्या कानावर आलेली ती पहिली बरी बातमी होती. देशात निदान एका गोष्टीला तरी सातपैकी सात मिळाले. मंत्र्यांच्या कोटाचं आहे, असं तिने जरा मान वर करून सांगितलं.

"राजाच्या कोटाचं का असेना," मामी म्हणाली. "सात म्हणजे भुकटी. दळून टाकायचं. भोकं बघ कशी धारदार राहिलीत, ती दोरा कापणारच. बाहेरचा माल दिसतोय."

"सात म्हणजे भुकटी," बाई म्हणाली. "आणि एक?"

"एक म्हणजे एक. ज्यात खोट नाही ते. याच टेबलाखाली खेळून मोठी झालीस ना तू?"

पिंप फिरत राहिले. बाईला प्रश्नावलीचं पहिलं पान आठवलं. त्यावर चार भाषांत नमस्कार होता, सहकार्याबद्दल आगाऊ आभार होते आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: सात म्हणजे सर्वोत्तम, एक म्हणजे सर्वांत वाईट. टोनर संपत आला होता, म्हणून तिने झेरॉक्स दुसऱ्या पानापासून काढली होती. नमस्काराशिवाय देशाचं काही अडत नाही, असा तिने विचार केला होता.

म्हणजे कारण सापडलं. आणि ते कारण ती स्वतः होती.

तिने ते मामांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी लावलेली प्रत उलटी पडली होती. मग बाईने सहज, किंवा काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं की कामगारांच्या हाताला त्यांनी एक कशावरून दिला होता.

"हिच्याकडे बघून दिला," मामा मामीकडे बोट दाखवून म्हणाले. "याहून चांगला हात दुसरा कुठला असणार?"

मामीच्या हातातलं बटण सुटून खाली पडलं. तिने ते उचललं, कुठल्या ट्रेमध्ये टाकायचं याचा नको इतका वेळ विचार केला आणि म्हणाली, "बेचाळीस वर्षं एका टेबलाशी बसतोय. आणि हे मला परदेशी अहवालातून कळायचं होतं."

मामांनी घाईघाईने विषय बदलला. उपाय सोपा आहे, असं ते म्हणाले. प्रत्येक आकडा आठातून वजा करायचा, एकाचे सात, दोनाचे सहा. बाईने तिथेच कागद उलटा करून हिशेब केला. बावीस वर्षांचा सराव होता, अंदाजे क्रमांक तिला काढता येई. तो चव्वेचाळीस आला. तिने पुन्हा केला. पुन्हा चव्वेचाळीस. पन्नासांच्या आत. कक्ष वाचला, मंत्री खूश, तळघरातल्या माणसाला वार विचारायला दुसरं कोणीतरी शोधावं लागेल.

"झालं तर मग," मामा म्हणाले. "पाठवून दे."

बाई त्या आकड्याकडे बघत राहिली. फार देखणा आकडा होता. पण बावीस वर्षं जगभरच्या आकड्यांत राहिलेल्या माणसाला वासावरून कळतं. "मामा, हे तेवीस जणांचं मत नाही," ती म्हणाली. "तुमचं एकट्याचं तेवीस वेळा आहे."

"मत बरोबर असलं तर ते तेवीस वेळा असायला हरकत काय?"

"घरात तुमचं मत एकदासुद्धा चालत नाही," मामी म्हणाली. "परदेशात तेवीस वेळा कसं चालेल?"

रविवारी सकाळी संघाच्या खोलीत फेरपरीक्षा झाली. बाईने या खेपेला पहिलं पान सर्वांत वर लावलं होतं, शेजारणीच्या ऑफिसातल्या मशीनवर झेरॉक्स काढून. तेवीस जणांना तिने एकेक खुर्ची सोडून बसवलं. साठीच्या वरची ती माणसं हाताच्या आडोशाने कागद झाकून लिहायला लागली आणि पाचच मिनिटांत सगळीकडे माना तिरक्या व्हायला लागल्या. झिपवाल्याचा हात वर झाला. विजेबद्दल काय लिहायचं, असं त्याने विचारलं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, असं बाईने सांगितलं. मला काय वाटतं हे मामांनी अजून सांगितलेलं नाही, असं तो म्हणाला. मामांना त्यांच्या कागदासकट खोलीबाहेर बसवावं लागलं.

मग मात्र गंमत झाली. स्वतःचं मत असण्याची एकदा चटक लागली की ती आवरत नाही. इलॅस्टिकवाला रस्त्यांना दोन द्यायला निघाला तेव्हा हूकवालीने त्याला वेड्यात काढलं, रस्ता खराब नसून त्याचा टेम्पो खराब आहे हे तिने सर्वांदेखत सांगितलं. दोघांचे आवाज चढले. तीस वर्षांत संघात झालेलं ते पहिलं भांडण. बाहेर बसलेले मामा दाराच्या फटीतून ऐकत होते, आणि त्यांना राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा नातवंडं पहिल्यांदा चालताना बघावीत तसा झाला होता.

तेवीस कागदांत तेवीस तऱ्हा निघाल्या. फक्त एका प्रश्नाला, तुमच्या देशात व्यावसायिक एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवतात का, याला सगळ्यांनी सात दिले होते. बाईला शंका आली. पुन्हा नक्कल झाली का, असं तिने विचारलं. झिपवाला दुखावला.

"अहो बाई, मामांनी सांगितलं म्हणून आम्ही न वाचता देशाच्या कागदावर सही केली," तो म्हणाला. "आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

संचालकांनी मात्र संस्थेला चूक कळवणाऱ्या पत्रावर सही करायला नकार दिला. कक्षाची चूक झाली असं लेखी देणारे ते पहिले संचालक ठरले असते आणि त्यांना कशातही पहिलं यायचं नव्हतं. चव्वेचाळीसचा पर्याय त्यांना जास्त पटला. बाईने नव्या तेवीस कागदांचं पाकीट बांधलं, पहिलं पान कोणी आणि का गाळलं ते चार ओळींत लिहिलं, स्वतःच्या नावाने सही केली आणि तातडीच्या टपालाने पाठवून दिलं.

दरम्यान मंत्र्यांचे फोटो रोज वर्तमानपत्रांत येत होते. प्रत्येक फोटोत ते पोटावर हात ठेवून उभे होते. एका अग्रलेखात या नव्या गंभीर मुद्रेचं कौतुकही आलं.

दहाव्या दिवशी सकाळी संस्थेचं उत्तर आलं आणि दुपारी मंत्री कक्षात आले. संचालकांनी आपली खुर्ची बाईच्या टेबलापासून दोन फूट लांब सरकवून ठेवली होती. बाई उभी राहिली. पहिलं पान मी गाळलं, असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं बोलायला तोंड मोकळं राहील. मग तिने ट्रे, मामा, सह्या, रविवारची फेरपरीक्षा हे सगळं क्रमाने सांगितलं आणि संस्थेचं पत्र पुढे ठेवलं. संस्थेने लिहिलं होतं की क्रमांक वाढवून द्या म्हणून दरवर्षी पाच-सहा देशांचे फोन येतात, परंतु आमचेच कागद चुकले असं स्वतःहून कळवणारा देश एकतीस वर्षांत हा पहिलाच. सुधारित क्रमांक एकाहत्तर.

मंत्र्यांनी पत्र दोनदा वाचलं. "पन्नास नाही," ते म्हणाले.

"नाही," बाई म्हणाली. "पण गेल्या वर्षीपेक्षा आठ वर आहोत, आणि हे आठ खरे आहेत. शिवाय एका ओळीत आपण जगात पहिले आहोत. शब्दावर विश्वास ठेवण्यात."

चव्वेचाळीस येत होता, असं संचालकांनी छताकडे बघून हळूच सुचवलं. मंत्र्यांच्या नजरेसमोर बहुधा ते सगळे कागद येत होते, ज्यांवर ते रोज सकाळी संचालक म्हणतात म्हणून न वाचता सही करत. त्यांनी संचालकांकडे पाहिलं. मग त्या तेवीस कागदांकडे पाहिलं. मग जगाच्या नकाशाकडे, आणि त्यातल्या आता नसलेल्या एका देशावर त्यांची नजर थोडी रेंगाळली.

ते उठले. ते उठले की संचालकही उठत, तसे उठले. कक्ष चालू राहील, असं मंत्र्यांनी सांगितलं. कक्ष बाई चालवतील. संचालकांना काही दिवस जुन्या कागदांचा अनुभव घेऊ द्या. उद्या आपण साऱ्या जगाला सांगणार आहोत, असं ते म्हणाले, आणि आवाज चढू लागला, की मोठे रस्ते, उंच इमारती, भरलेली बंदरं पुष्कळांकडे असतील, परंतु माणसाने माणसाच्या शब्दावर डोळे मिटून सही करावी असा देश या पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि स्वतःची चूक स्वतःहून सांगणाराही एकच आहे, आणि हाच पाया धरून आपण एकाहत्तरावरून,

इथे त्यांनी छाती फुगवायला घेतली आणि मध्येच थांबले. हात आपसूक पोटावर गेला. दाराबाहेर कोणी नाही हे त्यांनी पाहून घेतलं आणि बाईच्या टेबलाशी वाकून हलक्या आवाजात विचारलं,

"बाई, तुमच्या मामांकडे या कोटाला चालेल असं एक बटण मिळेल का? चार भोकांचं. पहिल्या ट्रेमधलं बघा. आणि सुई-दोरा आहे का कोणाकडे?"